मुखडा चार वेळा येतो, चित्र चार वेळा तेच कशाला?

मागच्या महिन्यात भाचा पेन ड्राइव्ह घेऊन घरी आला. तो ढोल पथकात आहे. पथकातल्या पाच जणांनी मिळून गोदेवर एक गाणं केलंय, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. गाणं झकास आहे, मामा म्हणून नाही सांगत. शूटिंगही त्यांनीच केलं होतं, गोदाघाटावर, दोन सकाळी. "मामा, त्रेचाळीस क्लिपा आहेत. मटेरियल भरपूर आहे, तुम्ही फक्त जोडा."

पहिली क्लिप उघडली. पाच पोरं, गुडघ्यापासून वर, मागे नारोशंकराचं देऊळ, फोन छातीच्या उंचीवर. दुसरी उघडली. पाच पोरं, गुडघ्यापासून वर, मागे देऊळ. दहाव्या क्लिपपर्यंत झालेला बदल एवढाच की एकाने गॉगल काढला होता. शॉट एकच होता, तो त्यांनी त्रेचाळीस वेळा घेतला होता.

"एडिटमध्ये होऊन जाईल ना?" भाच्याने विचारलं.

माझं पोट संकलनावर चालतं, म्हणून हा प्रश्न मला नवा नाही. नवरात्रात सप्तशृंगीची गाणी, लग्नसराईत हळदीची, कळवण-सटाण्याकडून अहिराणी, आणि आता सिंहस्थाच्या निमित्ताने घाटावर कोणी ना कोणी फोन लावून उभं असतंच. व्हिडिओ फिका पडला की सगळे कॅमेऱ्याला दोष देतात. कॅमेरा बहुतेक वेळा ठीकच असतो. शॉट आणि अँगल बदलायचे म्हणजे काय करायचं आणि ते कशासाठी, हे कोणी नीट सांगितलेलं नसतं.

दुतोंड्या मारुतीला विचारा

शॉट म्हणजे कॅमेरा एकदा चालू करून बंद करेपर्यंत टिपलेलं सलग चित्र. त्यात माणूस किती दिसतो यावरून त्याला नाव पडतं, आणि ती नावं नाशिककराला वेगळी शिकवावी लागत नाहीत. पुराच्या दिवसांत आपण एकमेकांना काय विचारतो? "पाणी कुठवर आलंय?" गोदापात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून उत्तर देतो: गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला.

फ्रेमची, म्हणजे चित्राच्या चौकटीची, खालची कड म्हणजे ते पाणी समजा. पाणी पायाखाली आहे, अख्खा माणूस आणि आजूबाजूचा घाट दिसतोय, तो लाँग शॉट. कमरेपर्यंत चढलं की मिड. छातीच्या वर गेलं की क्लोज. आणि फक्त डोळे, किंवा ढोलाच्या पानावर आदळणारं टिपरू दिसतंय, तो टाइट क्लोज. वस्तूचा असेल तर त्याला इन्सर्ट म्हणतात. पाणी जितकं वर, तितका शॉट जवळचा.

एक बारकावा आहे. फ्रेमची कड बरोबर सांध्यावर ठेवू नये. गुडघ्यावर, घोट्यावर, मनगटावर कापलं की माणूस तिथेच तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर कापलं की डोळा उरलेला पाय स्वतःच पुरा करतो. भाच्याच्या त्रेचाळीसही क्लिपांत पाणी नेमकं गुडघ्यावर थांबलं होतं.

प्रत्येक आकाराचं काम वेगळं आहे. लाँग शॉट सांगतो, आपण कुठे आहोत. मिड सांगतो, कोण काय करतंय. क्लोज सांगतो, त्याच्या मनात काय चाललंय. एकाच आकारात अख्खं गाणं घेतलं की प्रेक्षकाला तीनपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळत राहतं, तेही पहिल्या दहा सेकंदांत मिळून गेलेलं असतं.

सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा बहुधा असाच एका जागी असायचा, नाटकाच्या मधल्या रांगेतून बघितल्यासारखा. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले आणि लगेच बिऱ्हाड नाशिकला हलवून पुढचे चित्रपट इथे करू लागले, तेव्हा चित्र हलतंय हेच मोठं नवल होतं. आज ते कोणालाच वाटत नाही.

अँगल: बघणारा कुठे उभा आहे

आकार म्हणजे किती दिसतं, अँगल म्हणजे कुठून दिसतं. डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर आपण समोरच्याशी बरोबरीने बोलतो. घाटाच्या खालच्या पायरीवर बसून वर बघितलं तर लो अँगल, होळकर पुलावरून खाली बघितलं तर हाय अँगल, आणि सरळ डोक्यावरून घेतला तर टॉप शॉट.

लो अँगलने माणूस मोठा वाटतो आणि हाय अँगलने लहान, असं सगळीकडे शिकवतात. मला हे अर्धंच पटतं. सगळं गाणं लो अँगलने घेतलं तर कोणीच मोठं दिसत नाही, फक्त नाकपुड्या दिसतात. मोठेपणा येतो तो बदलातून. आधी पुलावरून पाच ठिपके दाखवा, मग एकदम पायरीवरून वर बघत ढोल दाखवा. तो ढोल अंगावर येतो. मारुतीसमोर उभं राहून मान वर केल्यावर जे वाटतं ते मान वर करावी लागते म्हणून वाटतं.

फ्रेम तिरकी धरण्याचा शौक मात्र आवरा. एखाद्या बेभान क्षणाला ती शोभते. दर तिसऱ्या शॉटला तिरकी आली की प्रेक्षकाला वाटतं, ट्रायपॉडचा एक पाय खचलाय.

कानाला परत परत आवडतं, डोळ्याला नाही

इथे गाण्याचा व्हिडिओ सिनेमापासून वेगळा पडतो. सिनेमात गोष्ट पुढे सरकत असते, त्यामुळे शॉट तोच राहिला तरी आत काहीतरी नवं घडतं. गाणं फिरून फिरून जागेवर येतं. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. तो परत आला की कान सुखावतो, कारण त्याला ओळखीचं काहीतरी भेटलेलं असतं. आरतीचं धृपद सगळ्यांना येतं ते यामुळेच. डोळ्याचा स्वभाव उलटा. बघितलेलं तो परत बघत नाही, खिडकीबाहेर जातो. फोनवर बघणाऱ्याच्या अंगठ्याखाली तर ती खिडकी कायम उघडीच असते.

तेव्हा परत आलेल्या ओळीला नवं करायचं काम चित्राकडे येतं. भाच्याच्या गाण्यात मुखडा चार वेळा आहे. मी त्याला वहीच्या पानावर चार रकाने आखायला लावले. पहिल्या मुखड्याला घाट आणि पोरं, म्हणजे लाँग आणि मिड. दुसऱ्याला फक्त चेहरे. तिसऱ्याला चेहरा एकही नाही. हात, दोऱ्या, पाणी, पायऱ्या. चौथ्याला पुलावरून सगळं एकदम. शब्द चारही वेळा तेच, पण तिसऱ्यांदा ते वाजवणाऱ्या हातांचे होतात आणि चौथ्यांदा नदीचे.

यातला खरा शहाणपणा राखून ठेवण्यात आहे. पुलावरचा शॉट सगळ्यांना पहिल्यांदाच दाखवायचा असतो, कारण तो सगळ्यांत भारी असतो. तो पहिल्या मिनिटात खर्चून टाकलात तर शेवटच्या मुखड्याला काय देणार?

"म्हणजे सारखं कट करत राहायचं?"

नाही. पण आधी हिशेब करू. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोक्यांची धरली तर एक ठोका ०.६ सेकंदांचा, चार ठोके २.४ सेकंदांचे. दर चार ठोक्यांना शॉट बदलला तर तीन मिनिटं चाळीस सेकंदांत नव्वदच्या वर शॉट लागतात. गोष्ट त्रेचाळीस क्लिपांवर भागत नाही. त्यातून व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं, असा घेतला असेल तर एका ठोक्यात बरोबर १५ फ्रेम बसतात. संकलक तेवढ्या मोजून कापू शकतो.

पण प्रत्येक ठोक्यावर कापलेला व्हिडिओ कंटाळवाणा होतो, कारण तोही एक साचाच. तिसऱ्या कटला प्रेक्षकाला चौथा कुठे येणार ते कळलेलं असतं. मी बहुतेक कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतो, म्हणजे ठोका पडतो तेव्हा डोळा नव्या चित्रावर पोचलेला असतो. काही ठिकाणी मुद्दाम कापतच नाही. अंतऱ्यात गायकाने एक लांब सूर धरलाय आणि चेहऱ्यावर खरंच काहीतरी येतंय, तर आठ सेकंद तसाच राहू दे. त्यानंतरचे चार झटपट कट दुप्पट जोरात लागतात. ढोलवाल्यांना हे समजावावं लागत नाही, मधला खाली गेलेला ठोका काय करतो ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कटचं आणखी एक काम आहे, अर्थ जोडण्याचं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच शॉट आळीपाळीने सूपाची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या चित्रांना जोडला. बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि ओढ दिसली, असं सांगतात. भाच्याच्या मित्राला चेहऱ्यावर भाव आणता येत नाहीत म्हणून सगळी पोरं हैराण झाली होती. त्याला गप्प बसून नदीकडे बघू दे म्हटलं. पुढचा शॉट सोडलेल्या दिव्याचा लावला की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते येतं.

"फोर-केमध्ये घेतलंय, झूम करून घेऊ की"

हा आक्षेप दरवेळी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं चित्र. नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ १९२० बाय १०८०, म्हणजे लांबी-रुंदीला अर्धा. त्यामुळे शेवटचा व्हिडिओ एचडी ठेवायचा असेल तर फोर-केमधला मधला भाग कापून चित्र न फाटता दुप्पट मोठं करता येतं. लाँगचा मिड होतो.

पण तो खरा मिड नव्हे. फोटो जवळ धरून बघणं आणि माणसाच्या जवळ जाणं यात जो फरक, तोच इथे. कापलेल्या चित्रात मागचं देऊळ आणि पुढचा माणूस यांचं प्रमाण तसंच राहतं, कारण कॅमेरा जागचा हललेला नसतो. हे प्रमाण अंतर ठरवतं, झूम नाही. सेल्फीत नाक मोठं का दिसतं? कान नाकाच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर नाक ३० वर आणि कान ४२ वर, फरक मोठा. फोन तीन मीटरवर नेला तर ३०० आणि ३१२, फरक जवळजवळ मिटला.

हेच डोंगरालाही लागू. चामर लेण्यांचा डोंगर मागे घेऊन गाणाऱ्याला जवळून टिपलं तर डोंगर टेकडीएवढा होतो. तीस पावलं मागे जा आणि फोनच्या दूरच्या लेन्सने तेवढाच माणूस फ्रेममध्ये घ्या; तोच डोंगर त्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो. एडिटमध्ये हे होत नाही. त्यासाठी पाय चालवावे लागतात.

मिरवणुकीच्या कोणत्या बाजूला उभे आहात?

विविधता पाहिजे म्हटल्यावर भाचा दुसऱ्या दिवशी सगळीकडून शूट करून आला. समोरून, मागून, नदीच्या पलीकडून. नवीन घोटाळा झाला. एका शॉटमध्ये पोरं डावीकडून उजवीकडे चालताहेत, पुढच्यात उजवीकडून डावीकडे. जणू रस्ता चुकून परत निघाली.

वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जन मिरवणूक तुम्ही मेन रोडच्या एका फुटपाथवरून बघताय. गणपती डावीकडून उजवीकडे चाललाय. समोरच्या फुटपाथवरचा माणूस तोच गणपती उजवीकडून डावीकडे जाताना बघतोय. दोघंही खरेच आहेत, पण दोघांचे व्हिडिओ एकामागोमाग जोडले तर गणपती मागे फिरला असं वाटेल. म्हणून हालचालीच्या दिशेने एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. याला १८० अंशांचा नियम म्हणतात. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये थेट समोरून किंवा मागून एक शॉट घाला, किंवा चालतानाच कॅमेरा रेघ ओलांडताना दिसू द्या. नाचाच्या गाण्यांत हा नियम सर्रास मोडतात आणि लय जोरात असेल तर चालूनही जातं. कुठून कुठे चाललेत हे कळायला हवं असेल तिथे मोडू नका.

याचा धाकटा भाऊ ३० अंशांचा. त्याच माणसाचा, त्याच आकाराचा दुसरा शॉट घ्यायचा तर कॅमेरा किमान तेवढा कोन सरकवा. पावलाभराच्या फरकाने घेतलेले दोन शॉट जोडले की माणसाला उचकी लागल्यासारखी दिसते.

"पण एका शॉटमधली गाणीही गाजतात की!"

गाजतात. त्यांतलं एखादं आवाज बंद करून बघा. कॅमेरा लांबून सुरू होतो, चालत जवळ येतो, चेहऱ्यावर थांबतो, खाली वाकून पाय बघतो, पुन्हा मागे जातो. लाँग, मिड, क्लोज, लो अँगल सगळं त्यात आहे, मधले कट तेवढे नाहीत. आणि त्यासाठी इतकी तालीम लागते की पाच जणांची नोकरी-कॉलेज सांभाळून ते होणं अवघड. एकाचं पाऊल चुकलं की पहिल्यापासून.

"आमच्याकडे एकच फोन आहे"

पुरतो. गाणं अनेकदा वाजवायचं आणि दरवेळी कॅमेरा वेगळीकडे ठेवायचा. गाणं रेकॉर्ड झालेलं आहे, त्यामुळे ते प्रत्येक वेळी सारखंच वाजतं. स्पीकरवर लावून त्यावर ओठ हलवणं याला प्लेबॅक म्हणतात. आधी एका जागेवरून अख्खं गाणं लाँगमध्ये. हा मास्टर, म्हणजे काहीच जमलं नाही तर यावर पडता येतं. मग मिड, मग एकेकाचे क्लोज, मग इन्सर्ट.

क्रम गाण्याचा ठेवू नका, उन्हाचा ठेवा. सकाळचं कोवळं ऊन तासाभरात चढतं. मोठे शॉट त्या तासात उरका, कारण अख्ख्या घाटावर सावली धरता येत नाही. चेहऱ्यांचे क्लोज नंतर कुठल्याही ओवरीच्या सावलीत होतात.

स्पीकर गाणाऱ्यांजवळ असावा. आणि लांबच्या शॉटला एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुलावरचा फोन पस्तीसेक मीटरवर असेल तर त्याला गाणं ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे अडीच फ्रेम. फोनमधला आवाज धरून व्हिडिओ गाण्याशी जुळवला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. "फोन खराब आहे" म्हणून दोन दिवस भांडणारी माणसं मी बघितली आहेत. चित्र दोन-तीन फ्रेम पुढे सरकवलं की भांडण मिटतं.

स्लो मोशनचंही असंच. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून २५ ने दाखवलं की हालचाल निम्म्या वेगाने होते, आणि ओठही. म्हणून शूट करताना गाणं दुप्पट वेगाने लावायचं. पोरं चिमण्यांसारखी चिवचिवत गातात, सगळा घाट हसतो. पण दाखवताना ओठ गाण्याशी बरोबर बसतात आणि उडालेलं पाणी, फेट्याचा शेमला मात्र तरंगत राहतो.

ड्रोनचं काय?

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हवाई हद्द हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेली आहे, आणि नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग आपल्या शेजारी आहे, त्यामुळे "सगळे उडवतात" यावर जाऊ नका. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे चित्रीकरणाला परवानगी लागते. ड्रोन नसला तर फार बिघडत नाही. शहरात पूल आहेत, गच्च्या आहेत.

तर भाच्याने तिसऱ्यांदा शूट केलं, वहीतल्या चार रकान्यांप्रमाणे. चौथ्या मुखड्याला पुलावरून घेतलेल्या शॉटमध्ये मधोमध एक बाई टोपलीभर झेंडू घेऊन आरामात पायऱ्या उतरतेय. पोरांना तो टेक बाद करायचा होता. मी ठेवला.

आणि पहिल्या त्रेचाळीस क्लिपांतली एक वापरली, एकतिसावी. टेक संपल्यावर कोणीतरी फोन बंद न करता पायरीवर तसाच ठेवला होता. त्यात चेहरा दिसत नाही. खालून, अगदी जवळून, ढोलावर टेकवलेला एक गुडघा आणि दोरी ताणणारे दोन हात, नऊ सेकंद. मागे कोणीतरी चहा मागवतंय. आवाज बंद करून तो तिसऱ्या मुखड्याच्या सुरुवातीला लावलाय. भाचा अजून विचारतो, हा कधी घेतला आपण?